विलापगीतातील भरवसा : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

हिब्रू बायबलमधील ‘विलापगीत’ हा पाच कवितांचा लहानसा ग्रंथ एका शहराच्या विध्वंसावर रचलेला आहे. इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्याने यरुशलेम जिंकले. वेढा दीड वर्षाच्या आसपास चालला होता. शहरातले धान्य संपले, तट फुटला आणि पळून निघालेला राजा सिद्कीया यरीहोजवळच्या मैदानात पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना ठार करण्यात आले, मग त्याचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेण्यात आले. महिनाभराने मंदिर, राजवाडा आणि शहरातली मोठी घरे जाळण्यात आली.

परंपरा या कवितांचे कर्तृत्व यिर्मया संदेष्ट्याकडे देते; ग्रंथात मात्र कवीचे नाव कुठेही नाही. कवितांत रस्त्यात भुकेने कोसळणारी मुले आहेत, ओस पडलेल्या वेशी आहेत आणि एकटी पडलेली विधवा म्हणून रंगवलेली नगरी आहे. ग्रंथाच्या मधोमध, तिसऱ्या कवितेत, देवाची माया आटलेली नाही, ती रोज सकाळी नव्याने मिळते, अशा आशयाचे विधान येते. अनिश्चित काळात ज्यू आणि ख्रिस्ती भाविकांनी या विधानाचा पिढ्यानपिढ्या आधार घेतला आहे. हा आधार कितपत खरा, याविषयी दोन बाजू संभवतात. शास्त्रग्रंथांच्या रीतीप्रमाणे शंका घेणाऱ्या बाजूला येथे पूर्वपक्ष आणि तिला उत्तर देणाऱ्या बाजूला उत्तरपक्ष म्हटले आहे.

१. विधान आणि वस्तुस्थिती

पूर्वपक्ष : ज्या ग्रंथात हे विधान आहे, त्याच ग्रंथातली वस्तुस्थिती ते खोडून काढते. मंदिर राखेत गेले, राजवंश संपला, माणसे उपासमारीने मेली. एवढे झाल्यावर देवाची माया अखंड आहे असे म्हणणे म्हणजे समोर दिसते ते नाकारणे होय. संकटात माणसाला धीर हवा असतो, म्हणून तो असे बोलतो. बोलण्याची गरज खरी असली, तरी तेवढ्याने बोललेले खरे ठरत नाही.

उत्तरपक्ष : नाकारण्याचा आरोप या ग्रंथावर टिकत नाही. पहिल्या कवितेत नगरीचे सांत्वन करणारे कोणी नाही, हे पुन्हा पुन्हा येते. दुसरी कविता तर देवच शत्रूसारखा वागला असे उघड म्हणते. ज्याला वस्तुस्थिती झाकायची असते, तो इतक्या तपशिलात जात नाही. मायेचे विधान हे सगळे सांगून झाल्यावर येते. ते उच्चारण्यापूर्वी कवी म्हणतो की ही गोष्ट आपण मुद्दाम मनात आणत आहोत. म्हणजे ते परिस्थिती पाहून काढलेले अनुमान नाही. परिस्थिती उलट असताना केलेले ते स्मरण आहे.

पूर्वपक्ष : स्मरण कशाचे?

उत्तरपक्ष : कराराचे. इस्राएल लोकांच्या समजुतीनुसार देवाने त्यांच्याशी करार केला होता. त्या करारातली माया ही क्षणिक भावना नव्हे; शब्द दिला म्हणून निभावायची ती बांधिलकी आहे. निर्गम ग्रंथात सोन्याचे वासरू करून लोकांनी करार मोडल्यानंतर, कराराच्या पाट्या दुसऱ्यांदा कोरल्या जात असताना, देव स्वतःचे वर्णन दयाळू, मंदक्रोध आणि मायेत विपुल असे करतो. ही ओळख लोक चुकल्यानंतरची आहे. म्हणून पुढच्या प्रत्येक संकटात तिचाच हवाला दिला गेला. स्तोत्रसंहितेतील १३६ व्या स्तोत्रात देवाची माया सनातन असल्याचे ध्रुपद २६ वेळा येते. जगाच्या निर्मितीपासून रोजच्या अन्नापर्यंतच्या प्रत्येक गोष्टीला ते जोडलेले आहे.

पूर्वपक्ष : तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हे विधान आज बहुधा आजूबाजूच्या ओळींपासून तोडून वापरले जाते. अमेरिकन गीतकार थॉमस चिझम यांनी १९२३ मध्ये लिहिलेले ‘ग्रेट इज दाय फेथफुलनेस’ हे प्रसिद्ध उपासनागीत याच विधानावर आधारलेले आहे. त्यात ऋतू, सूर्य, चंद्र, क्षमा आणि शांती आहे. जळालेले शहर नाही. भिंतीवर टांगायच्या तसबिरींवरही तेवढीच दोन वचने छापली जातात.

उत्तरपक्ष : ही तक्रार रास्त आहे. मात्र ती वापरणाऱ्यांबद्दलची आहे. मूळ ग्रंथाने ते विधान राखेच्या ढिगाऱ्यातच ठेवले आहे.

२. शिक्षा आणि माया

पूर्वपक्ष : यापेक्षा अवघड प्रश्न पुढे आहे. ग्रंथकर्ता विध्वंसाला देवाची शिक्षा मानतो. मारणारा आणि मायाळू एकच असेल, तर मायेला अर्थ काय उरला? अपराध राजांचे आणि पुरोहितांचे होते असे धरले, तरी भुकेने तडफडणाऱ्या तान्ह्या मुलांनी काय केले होते?

उत्तरपक्ष : ग्रंथ या प्रश्नाला बगल देत नाही. दुसऱ्या कवितेत नगरी देवालाच जाब विचारते : कोणाशी असे वागलास ते एकदा डोळे उघडून पाहा. पाचव्या कवितेत वाडवडिलांनी पाप केले आणि भोगावे आम्हाला लागले, अशी स्पष्ट तक्रार आहे. त्याच काळात बाबेलमध्ये हद्दपारीत असलेला संदेष्टा यहेज्केल बापाच्या पापाचा भार मुलावर टाकण्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद करतो. म्हणजे सगळे दुःख शिक्षेच्या हिशेबात बसवण्याला या परंपरेच्या आतूनच विरोध झाला होता.

पूर्वपक्ष : विरोध झाला, पण उत्तर मिळाले का?

उत्तरपक्ष : नाही. विलापगीतात वेगवेगळे आवाज बोलतात, देव मात्र एकदाही बोलत नाही. तिसरी कविता एवढेच म्हणते की देव मनापासून कोणाला दुःख देत नाही. यातून मुलांच्या भुकेचे कारण सांगितले जात नाही. दुःख हा देवाच्या स्वभावाचा शेवटचा शब्द नव्हे, एवढाच दावा केला जातो. हे स्पष्टीकरण म्हणून पुरत नाही, हे मान्यच केले पाहिजे.

पूर्वपक्ष : मग ज्या सांत्वनात स्पष्टीकरण नाही, त्याचा उपयोग तरी कशासाठी?

उत्तरपक्ष : स्पष्टीकरणाने सांत्वन होते, हे गृहीतक ईयोबाच्या ग्रंथाने तपासून पाहिले आहे. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर गप्प बसले. त्यानंतर ते त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि तिथून त्यांचे बिघडले. ग्रंथाच्या शेवटी देव देवाची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर रागावतो आणि तक्रार करणारा ईयोबच योग्य बोलला असा निवाडा देतो. दुःखिताला कारणे ऐकवणाऱ्यांविरुद्ध याहून कडक निकाल बायबलमध्ये सापडणे कठीण.

३. स्वस्त दिलासा आणि महाग दिलासा

पूर्वपक्ष : दिलाशाचा आणखी एक धोका सामाजिक आहे. ‘देव पाहून घेईल’ असे म्हणत माणसे हातावर हात ठेवून बसतात. सत्ताधाऱ्यांना हे सोयीचे असते.

उत्तरपक्ष : यिर्मयाचे चरित्र या आरोपाला सर्वांत चांगले उत्तर देते, कारण त्याने आयुष्यभर असल्याच दिलाशाशी झुंज दिली. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलने यरुशलेममधून लोकांची एक तुकडी आधीच हद्दपार केली होती. त्यानंतर काही वर्षांनी हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात जाहीर केले की दोन वर्षांत लुटलेली भांडी आणि नेलेली माणसे परत येतील. बाबेलच्या अधीनतेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेले लाकडी जू त्याने सर्वांसमोर मोडून टाकले. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मया आधी म्हणाला की तसे झाले तर चांगलेच. पण नंतर त्याने हे भाकीत खोटे ठरवले. हद्दपार झालेल्यांना त्याने पत्र पाठवले, त्याचा मथितार्थ असा : घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने लावा, ज्या शहरात नेले आहे त्याच्या भल्यासाठी झटा, परतायला सत्तर वर्षे लागतील.

पूर्वपक्ष : सत्तर वर्षे म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हयातीत काहीच होणार नाही.

उत्तरपक्ष : होय, आणि हाच स्वस्त व महाग दिलाशातला फरक. हनन्याच्या दिलाशाने गाठोडे बांधून वाट पाहणारी माणसे तयार केली असती. यिर्मयाच्या दिलाशाने परक्या मुलुखात वाफे खणणारी माणसे तयार केली. देवाची निष्ठा मानणे आणि लवकर सुटका होईल असे मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून धीर येतो, दुसरीतून बहुधा निराशाच पदरी पडते.

याच संदर्भात एका जमीनव्यवहाराची नोंद महत्त्वाची आहे. शेवटच्या वेढ्यात यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत होता. त्याचा चुलतभाऊ हनामेल तिथे आला आणि अनाथोथ गावची आपली जमीन विकत घे म्हणाला. अनाथोथ यरुशलेमपासून काही किलोमीटरवरच होते, आणि बाबेलचे सैन्य शहराभोवती ठाण मांडून बसले होते. त्या जमिनीला व्यवहारात कवडीची किंमत नव्हती. तरी यिर्मयाने १७ शेकेल, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास, चांदी तराजूत तोलून दिली. साक्षीदारांच्या सह्या झाल्या. खरेदीखताच्या दोन प्रती केल्या, एक मोहरबंद आणि एक उघडी. पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून त्या लेखनिक बारूख याच्याकरवी मातीच्या मडक्यात ठेवायला सांगितल्या. या देशात पुन्हा घरेदारे, शेतेमळे विकत घेतले जातील, असा या व्यवहाराचा अर्थ त्याने सांगितला.

पूर्वपक्ष : ही कृती प्रभावी आहे. मात्र ज्याच्याकडे १७ शेकेल आहेत, त्यालाच असा भरवसा परवडतो.

उत्तरपक्ष : चांदीपेक्षा पुढचा भाग बोलका आहे. खत बारूखच्या हाती दिल्यावर लगेच यिर्मयाने जी प्रार्थना केली, तिचा शेवट गोंधळलेल्या माणसाचा आहे : शहर शत्रूच्या हाती पडते आहे आणि मला जमीन घ्यायला सांगितले जाते! व्यवहार पुरा करणारा आणि चक्रावून गेलेला माणूस एकच आहे. भरवसा म्हणजे मनातल्या शंका मिटणे, ही समजूत या प्रसंगात बसत नाही. शंका असतानाच सह्या झाल्या.

४. तक्रारीची जागा

पूर्वपक्ष : तरीही धार्मिक दिलासा शेवटी तक्रारीचे तोंड बंद करतो, हा अनुभव सार्वत्रिक आहे. घरात मृत्यू झाला की भेटायला आलेली माणसे ‘देवाची इच्छा’ म्हणतात आणि रडणाऱ्याला गप्प बसावे लागते.

उत्तरपक्ष : अनुभव खरा आहे, पण तो स्तोत्रसंहितेच्या विरुद्ध जातो. तिथल्या १५० स्तोत्रांत तक्रारीची स्तोत्रे संख्येने मोठी आहेत. जर्मन अभ्यासक हर्मान गुंकेल यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्तोत्रांचे प्रकार ठरवले, तेव्हा विलाप हा त्यांतला एक मुख्य प्रकार ठरला. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी भरवशाकडे वळतात. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते, आणि तेही संग्रहातून वगळलेले नाही. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर ब्रूगमन यांनी १९८६ च्या एका निबंधात दाखवले की उपासनेतून विलाप गेला की देवाशी असलेल्या नात्यात माणसाची बाजूच उरत नाही. उरते ती फक्त हांजी हांजी.

पूर्वपक्ष : म्हणजे तक्रार हीच श्रद्धा ठरते का?

उत्तरपक्ष : तक्रार ज्याच्याकडे न्यावी असा कोणीतरी आहे, एवढे त्यात गृहीत असते. ज्याच्याकडून काहीच अपेक्षा नाही, त्याच्याकडे कोणी गाऱ्हाणे नेत नाही. विलापगीताची तिसरी कविता मायेचे विधान करून थांबत नाही. थोड्याच ओळींनंतर ती पुन्हा देवाला सुनावते की प्रार्थना पोहोचू नये म्हणून तू स्वतःला ढगाने झाकून घेतलेस. भरवसा आणि गाऱ्हाणे एकाच कवितेत आलटून पालटून येतात.

रचनेकडे पाहिले तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. हिब्रू वर्णमालेत २२ अक्षरे आहेत. पहिल्या चार कविता अकारविल्हे रचलेल्या आहेत : पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या कवितेत प्रत्येक अक्षराला एक अशी २२ कडवी, तर तिसरीत प्रत्येक अक्षराला तीन ओळी, म्हणजे ६६. दुःख पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळे बोलून घ्यायचे, आणि वर्णमाला संपली की थांबायचे, अशी दुहेरी शिस्त त्यात दिसते. पाचव्या कवितेतही ओळी २२ आहेत, पण अक्षरांचा क्रम मोडला आहे. आशेचे विधान तिसऱ्या कवितेत, नेमके मध्यभागी आहे. त्यानंतरच्या दोन कविता पुन्हा भुकेकडे आणि अपमानाकडे जातात. शेवटची ओळ तर देवाने आपल्याला कायमचे टाकले की काय, अशा धास्तीवर संपते.

५. नवस आणि भरवसा

विलापगीताचे वाचन आजही होते. ज्यू पंचांगातील आव महिन्याच्या नवमीला, म्हणजे पहिल्या आणि नंतर बांधलेल्या दुसऱ्या अशा दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाच्या स्मृतिदिनी, उपास धरून सभास्थानात जमिनीवर किंवा बुटक्या बाकांवर बसून हा ग्रंथ संथ सुरात वाचतात. शेवटची ओळ वाचून झाली की तिच्या आधीची, परत आणण्याची विनवणी करणारी ओळ पुन्हा म्हणतात, म्हणजे वाचनाचा शेवट धास्तीवर होत नाही.

कोकणातील मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजात या दिवसाचे जुने नाव ‘बिरड्याचा सण’ असे आहे. त्या दिवसांत मांस वर्ज्य असते आणि ताटात वालाचे बिरडे येते. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा, असे हे वेळखाऊ काम. यरुशलेमचा शोक रायगडच्या स्वयंपाकघरात या रूपाने पाळला गेला.

पूर्वपक्ष : याच समाजात नवसाचीही प्रथा आहे. मुंबईतील मांडवी भागातले ‘शाआर हारहमीम’, म्हणजे दयेचे द्वार, हे सभास्थान १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाली तर सभास्थान बांधीन असा त्यांनी नवस केला होता, अशी परंपरा सांगते. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने मलिदा होतो, तोही पुष्कळदा नवस फेडण्यासाठी. मग ‘सोडवलेस तर देईन’ या सौद्यापलीकडे ही निष्ठा जाते कुठे?

उत्तरपक्ष : नवसात सौद्याचा अंश आहे, हे खरे. पण मलिदा पाहिला तर त्यात आभाराचा भाग मोठा दिसतो. पोहे, गूळ, खोबरे, सुकामेवा आणि फळे तबकात मांडून प्रार्थना म्हणतात आणि मग ते सर्वांना वाटतात. शिवाय त्याच समाजात बिरड्याचा सणही आहे, आणि त्यात फेडण्यासारखे काही नाही. त्या दिवशी ज्या मंदिरासाठी शोक केला जातो, ते आजही उभे नाही. मागणे पुरे झाल्यावरचे आभार आणि मागणे अपुरे असतानाचे नाते या दोन्ही गोष्टी एका कुटुंबाच्या वर्षात बसतात. दुसरी नसती, तर पहिलीला निव्वळ सौदा म्हणता आले असते.

६. जे वाचले नाहीत त्यांचे काय?

पूर्वपक्ष : शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे. या कविता विध्वंसातून वाचलेल्यांनी लिहिल्या. वेढ्यात मेलेल्या मुलाला देवाची माया रोज सकाळी नव्याने मिळाली नाही. त्याच्या वाट्याला सकाळच आली नाही. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या कोरेश राजाने बाबेल घेतले, पुढच्या वर्षी यहुद्यांना परतायची मुभा मिळाली आणि इ.स.पू. ५१५ च्या सुमारास दुसरे मंदिर पुरे झाले. या सुखान्ताने मेलेल्यांची भरपाई होत नाही.

उत्तरपक्ष : होत नाही, आणि तसा दावा ग्रंथांनीही केलेला नाही. एज्राच्या ग्रंथात दुसऱ्या मंदिराचा पाया घातल्याचे वर्णन आहे. पुष्कळ जण जयघोष करत होते. पहिले मंदिर पाहिलेली म्हातारी माणसे मोठ्याने रडत होती. आनंदाचा आवाज कोणता आणि रडण्याचा कोणता, हे ओळखू येत नव्हते असे तिथे नमूद आहे. पुनर्बांधणीने आधीचा शोक रद्द झाला नाही. पुढे इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते मंदिरही पाडले, आणि शोकाचा तो दिवस पंचांगात राहिला.

पूर्वपक्ष : तर मग उत्तरपक्षाच्या हाती नेमके काय उरते?

उत्तरपक्ष : तीन गोष्टी. एक, देवाची माया टिकून आहे हा दावा घटनांवरून सिद्ध करता येत नाही. तो दिलेल्या शब्दावरचा विश्वास आहे. दुसरी, हा विश्वास गाऱ्हाण्याला परवानगी देतो, किंबहुना गाऱ्हाण्यावाचून त्याची खुशामत होते. तिसरी, त्याची कसोटी मनाला किती शांत वाटते ही नसून माणूस अनिश्चिततेत काय करतो ही आहे. बाग लावतो, खत करून मडक्यात ठेवतो, की नुसता सुटकेची तारीख मोजत बसतो.

पूर्वपक्ष : या मर्यादेत दावा मांडला, तर त्याला भ्रम म्हणता येत नाही. निरपराधांच्या दुःखाचा प्रश्न मात्र सुटलेला नाही.

उत्तरपक्ष : तो सुटलेला नाही, हे मान्य आहे.

दोन्ही बाजू येथवर एकत्र येतात आणि येथून वेगळ्या होतात. पूर्वपक्षाच्या मते न सुटलेला प्रश्न असताना भरवसा ठेवणे हा तर्काला सोडून केलेला व्यवहार आहे. उत्तरपक्षाच्या मते प्रश्न न सुटताही नाते टिकू शकते, आणि विलापगीताचा ग्रंथ त्याचाच दाखला आहे. दिलासा म्हणजे संकट लवकर टळण्याची हमी, असे मानणाऱ्याला या ग्रंथात काही सापडणार नाही. दुःखाचा पाढा पूर्ण वाचायला मोकळीक देणारा आणि तो वाचून झाल्यावरही पाठ न फिरवणारा कोणी आहे, असा भरवसा हवा असणाऱ्याला मात्र या पाच कवितांचा आधार घेता येतो.